झिजलेला असेल तर सांगा

ऑनलाइन ऑक्शनमध्ये जुना वस्तरा सगळ्यात महाग कधी जातो माहितीये? कुणी तो कधी वापरलाच नसेल तेव्हा. मूळ पुठ्ठ्याच्या डबीत, कंपनीचा कागद तसाच गुंडाळलेला, पात्यावरची सोनेरी नक्षी शाबूत, आणि विकणारा खाली मोठ्या अभिमानाने लिहितो की हा एकदाही धारेच्या दगडावर गेलेला नाही. अशा वस्तऱ्यावर लोक तुटून पडतात, मी पण पडायचो. म्हणजे बघा, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी दाढी करायला म्हणून बनवलेली वस्तू, जिने एकही दाढी केली नाही, ती सगळ्यात भारी. आणि ज्या वस्तऱ्याने चाळीस वर्षं रोज सकाळी इमाने इतबारे काम केलं तो "पार्ट्ससाठी" म्हणून ढिगात. माणसांच्या बाबतीत आपण असं वागत नाही असं म्हणणार होतो पण जाऊ दे.

माझं म्हणाल तर मी भोसरीला हीट ट्रीटमेंटमध्ये आहे. दिवसभर दुसऱ्यांचे गिअर आणि शाफ्ट भट्टीत घालायचे, क्वेंच करायचे म्हणजे तापलेले एकदम बुडवून कडक करायचे, टेंपर करायचे म्हणजे परत थोडं तापवून ठिसूळपणा घालवायचा, हार्डनेस बघायचा, रिपोर्टवर सही ठोकायची. त्यामुळे वस्तऱ्यांकडे मी दाढीच्या बाजूने नाही, स्टीलच्या बाजूने आलो. दाढीसाठी वस्तरे जमवणाऱ्यांची एक वेगळी जमात आहे, त्यांना साबणाचा फेस, ब्रशचे केस, आफ्टरशेव्हचा वास यात रस, त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही. मला कुतूहल हे होतं की साधं कार्बन स्टील, एक-सव्वा टक्का कार्बन, भट्टीला तापमान मोजायचं थर्मोकपल नाही, तापमान म्हणजे लालीचा रंग डोळ्यांनी बघून ठरवायचं, आणि तरी दीडशे वर्षांनी एका मोडक्या जाड पात्याचा तुकडा माउंट करून मायक्रो हार्डनेसला लावला तर रॉकवेलमध्ये, म्हणजे कडकपणाच्या मापात, साठीच्या वर निघतो, हे त्या लोकांनी जमवलं कसं. (कंपनीच्या मशीनवर घरचा तुकडा लावला हे आमच्या साहेबांपर्यंत पोचवू नका.)

बायको प्रत्येक पार्सलला एकच म्हण म्हणते, रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी. मी म्हणतो अगं कूड कुठंय आपल्याकडे, फ्लॅट आहे. ती म्हणते तेच तर.

आता ऑक्शनचं सांगतो. अमेरिकेतले बरेच विक्रेते लिलाव रविवारी संध्याकाळी संपेल असा लावतात कारण तेव्हा गिऱ्हाईक घरात निवांत असतं. न्यूयॉर्कचे रविवार संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे सोमवार पहाटेचे साडेचार, आणि हिवाळ्यात तिकडे घड्याळं मागे केली की साडेपाच. आख्खी सोसायटी झोपलेली, खाली वॉचमन मोबाइलवर काहीतरी बघतोय, आणि मी किचनमध्ये लाइट न लावता पेनसिल्व्हेनियातल्या कुणाच्या तरी आजोबांच्या वस्तऱ्याकडे बघत बसलेलो. पद्धत अशी की तुम्ही तुमचा जास्तीत जास्त आकडा आत टाकून ठेवायचा, सिस्टिम तुमच्या वतीने गरजेपुरतंच चढवत जाते, आणि जिंकलात तरी दुसऱ्या नंबरवाल्याच्या आकड्यापेक्षा जेमतेम एक पायरी वर पैसे द्यायचे. विल्यम व्हिक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ सालीच या जातीच्या लिलावाचं गणित मांडलं होतं. ईबे, म्हणजे मी जिथे बोली लावतो ती लिलावाची साइट, सुरू झालं १९९५ मध्ये, व्हिक्रीला नोबेल जाहीर झालं १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये आणि तीन दिवसांत तो गेलाच. त्याचं गणित सांगतं की अशा लिलावात आपल्या मनातली खरी किंमत टाकावी आणि झोपून जावं. गणितात काही खोट नाही. पण मनातली खरी किंमत ही शेवटच्या चाळीस सेकंदांत बदलते त्याचं काय करायचं, कारण तेव्हा समोरचा कुणीतरी एक डॉलर चढवतो आणि अचानक तुम्हाला कळतं की हा वस्तरा आपला होता आणि हा परका माणूस तो आपल्याकडून ओढून नेतोय. म्हणून जाणकार लोक शेवटच्या सेकंदांपर्यंत गप्प राहतात आणि मग एकदम आकडा टाकतात. त्यासाठी सॉफ्टवेअरं पण आहेत. मी वापरत नाही, मग साडेचारला उठण्यात मजा काय उरली.

आपल्याकडे पूर्वी बाझी नावाची अशीच साइट होती, ती २००४ ला ईबेने घेतली, आणि भारतातलं ईबे २०१८ ला बंद झालं. तेव्हापासून जे काय घ्यायचं ते बाहेरून, म्हणजे वस्तरा वीस डॉलरचा, शिपिंग पंचवीस डॉलरचं, वर कस्टम्सची चिठ्ठी. हस्तिदंती मुठीचा वस्तरा तर सोडूनच द्या. ईबेनेच २००९ पासून हस्तिदंत बंद केलंय आणि आपल्या वन्यजीव कायद्यात तो आणणं म्हणजे सरळ जेलची तयारी. तरी लोक "हाडाची मूठ" लिहून फोटो टाकतात, आणि हाडाला बारीक काळे ठिपके-रेघा असतात, हस्तिदंताला एकमेकांना छेदणाऱ्या जाळीदार रेषा, त्यामुळे झूम केलं की कळतं. कळलं की पुढे जायचं.

खरी मजा मात्र बोली लावण्यात नाही, फोटो वाचण्यात आहे. आणि ते जमायचं असेल तर वस्तऱ्याची एक गोष्ट आधी समजून घ्यायला लागते. धार लावताना कोन तुम्ही धरायचा नसतो. पातं दगडावर आडवं टाकायचं, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या, आणि सरकवायचं. कोन पाठीच्या जाडीवरून आपोआप ठरतो, साधारण सोळा-सतरा अंश. आता धार झिजते तशी पाठ पण झिजते, त्यामुळे वर्षानुवर्षं घासून रुंदी कमी झाली तरी कोन जवळपास तोच. आमच्या शॉपवर असल्या कामाला फिक्स्चर, म्हणजे वस्तू ठरल्या कोनात पक्की धरणारं साधन, बनवतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात, इथे वस्तूच स्वतःचं फिक्स्चर आहे. मी हे पहिल्यांदा नीट समजून घेतलं तेव्हा बराच वेळ नुसता खुश होतो.

तर यामुळे होतं असं की प्रत्येक घासणं पाठीवर नोंदलं जातं. पाठीला दोन्ही बाजूंनी एक सपाट चकचकीत पट्टी तयार होते. ती बारीक, एकसारखी असेल तर मालक शहाणा होता, हलक्या हाताने काम करायचा. पट्टी टाचेकडे रुंद आणि टोकाकडे बारीक असेल तर त्याचा जोर मुठीच्या बाजूला पडायचा. धारेला मधोमध पोटात खळगा पडला असेल तर दगडच मधे झिजलेला नव्हता तर उंच होता, किंवा गडी अंगठ्याने मधेच दाबत होता. एक वस्तरा माझ्याकडे आहे त्याची एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त झिजलेली आहे, म्हणजे त्या माणसाचा हात फिरवताना जाताना एक जोर आणि येताना दुसरा. हा माणूस कोण, कुठला, काय करायचा, कशाचा पत्ता नाही. पण तो येताना दाबायचा हे मला पक्कं माहितीये, आणि त्याच्या घरच्यांनाही ते कदाचित माहीत नसेल.

वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. पाच अष्टमांश, सहा अष्टमांश असं. सहा म्हणजे साधारण १९ मिलिमीटर. जो निघाला तेव्हा सात असेल आणि आता साडेचार आहे, त्याने काय काय बघितलं असेल याचा विचार करा. बाजारात मात्र त्याला विचारत नाही कुणी. आणि त्याहून वाईट म्हणजे बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरून आरशासारखे चमकवलेले वस्तरे. पातळ कडा बफवर सेकंदात तापते, दोनशे अंशांच्या पुढे गेली की टेंपर उतरायला लागतो, तीनशेच्या जवळ निळी झाक येते, ती झाक पण घासून काढतात आणि वर लिहितात "रिस्टोअर्ड". फोटोत झक्कास दिसतो. हातात आला की धार टिकतच नाही. म्हणून काळपट डाग, पाठीवर जुनी गंजाची खळी, असलं काही दिसलं की मला उलट बरं वाटतं, निदान कुणी हात लावलेला नाही.

शिक्के वाचायला मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून येतं. दोन गावं मुख्य, इंग्लंडमधलं शेफील्ड आणि जर्मनीतलं झोलिंगेन. शेफील्डचे जुने वस्तरे जाड, वजनदार, कोयत्याच्या जातीचे, आणि झोलिंगेनवाल्यांनी पुढे पोटं इतकी खोल घासली की पातं नखाने टिचकी मारली तर वाजतं. पात्याच्या शेपटीवर देशाचं नाव असेल तर तो बहुतेक १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली टॅरिफ कायद्यात बाहेरच्या मालावर देशाचं नाव छापायची सक्ती केली आणि हे सगळे कारखाने अमेरिकेवर जगत होते. म्हणजे एका देशाने आपल्या जकातीसाठी केलेला कायदा, आणि आज भोसरीतला एक माणूस त्याच्यावरून वय ठरवतोय. मुकुट आणि आजूबाजूला डब्ल्यू आर असेल तर इंग्लंडचा राजा चौथा विल्यम, म्हणजे १८३० ते १८३७, खूपच छोटी खिडकी, असा मिळाला तर सोडू नये. झोलिंगेनवाल्यांनी तर १९३८ मध्ये गावाच्या नावासाठीच कायदा करून घेतला, की मुख्य काम याच भागात झालं असेल तरच हे नाव ठोकायचं.

आणि "सिल्व्हर स्टील" असा शिक्का दिसला की मला हमखास मुंबई आठवते. हे थोडं लांबून येतंय पण येऊ दे. अठराव्या शतकाच्या शेवटी, १७९४ च्या सुमाराला, मुंबईत हेलेनस स्कॉट नावाचा डॉक्टर होता, त्याने इकडचं वुट्झ पोलाद, म्हणजे दक्षिणेत मुशीत बनायचं ते, लंडनला रॉयल सोसायटीचा अध्यक्ष जोसेफ बँक्सकडे पाठवलं. शेफील्डवाल्यांकडे स्वतःचं मुशीतलं पोलाद होतं, बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने १७४० च्या आसपास ते काढलं होतं कारण त्याला स्प्रिंगा चांगल्या हव्या होत्या. पण वुट्झने लंडनच्या लोकांना चक्रावून टाकलं. जेम्स स्टोडार्ट हा सुऱ्या-वस्तरे बनवणारा कारागीर त्याच्या प्रेमातच पडला, आणि १८२० च्या आसपास त्याने कुणाला जोडीला घेतलं तर मायकेल फॅराडेला. हो तोच, विजेवाला, लोहाराचा मुलगा. दोघांनी वुट्झसारखं काहीतरी बनवायला पोलादात प्लॅटिनम, ऱ्होडियम, चांदी असं काय काय घालून बघितलं, आणि फॅराडे त्यातल्या पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट द्यायचा. चांदी पाचशे भागांत एक भाग, त्यापेक्षा जास्त मिसळतच नाही. त्याच्या पुढे शेफील्डमध्ये जो तो सिल्व्हर स्टीलचा शिक्का ठोकायला लागला, आत चांदी बहुतेकदा औषधालाही नाही. तेव्हाही मार्केटिंग डिपार्टमेंट असंच होतं.

या चमकत्या शिक्क्यांच्या मागे एक काळी बाजू आहे आणि ती लिस्टिंगमध्ये कधीच नसते. शेफील्डला पाती घासणारे कामगार मोठ्या वाळूच्या दगडाच्या चाकावर ओणवे बसून घासायचे. ओल्या दगडावर धूळ कमी, कोरड्यावर प्रचंड. काटे घासणाऱ्यांची अवस्था सगळ्यात वाईट, पण वस्तऱ्याच्याही काही पायऱ्या कोरड्याच व्हायच्या, आणि ती सिलिका आणि लोखंडाची धूळ फुफ्फुसात बसून माणसं तरुणपणीच दम्याने गेल्यासारखी जायची. त्याला नावच होतं, घासणाऱ्यांचा दमा. धूळ ओढून घेणारे पंखे निघाले तेव्हा काही कामगारांनी स्वतःच त्यांना विरोध केला, कारण माणसं जास्त जगली तर कामाला माणसं जास्त होतील आणि मजुरी पडेल. मी एमआयडीसीत काम करतो, मास्क लाव म्हटलं की पोरं काय उत्तरं देतात ते मी रोज ऐकतो, त्यामुळे मला यात काही फार परदेशी वाटलं नाही.

बरं. सात दिवसांचा सेट. हा प्रकार श्रीमंतांचा, एका लाकडी पेटीत सात वस्तरे, प्रत्येकाच्या पाठीवर वाराचं नाव कोरलेलं. रोज वेगळा वापरायचा म्हणजे पात्याला सहा दिवस विश्रांती. धातूला विश्रांती वगैरे काही लागत नाही, पण पात्याची बारीक कडा वाळायला वेळ मिळतो हे खरं. मला मिळालेल्या सेटमध्ये गुरुवार गायब होता, म्हणून परवडला. आणि उरलेल्या सहात रविवार इतका झिजलेला की पाठीवरची अक्षरं अर्धी गेलेली, बाकी पाच जवळपास कोरे. म्हणजे त्या साहेबांनी आठवड्याची शिस्त काही पाळली नाही, एकच उचलला आणि तोच वापरत राहिले, किंवा फक्त रविवारी चर्चला जाताना दाढी करायचे. आईला दाखवला. तिने वार वाचायला लावले आणि म्हणाली सोमवार, गुरुवार, शनिवार तर आपल्याकडे तसेही नको, तुझा गुरुवार गेला ते बरंच झालं. तिच्या हिशोबाने चार वस्तऱ्यांचा सेट पुरे, आणि श्रावणात तर पेटी उघडायचंही कारण नाही.

मुठींचं एक सांगायचं राहिलं. विसाव्या शतकातल्या बहुतेक मुठी सेल्युलॉइडच्या, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. पूर्वीचे टेबल टेनिसचे बॉल ज्याचे होते तेच. अंगठ्याने जरा जोरात घासलं की कापराचा वास येतो, आणि तो वास आला की मी न्यूयॉर्क राज्यातल्या कारखान्यातून थेट आमच्या आजीच्या देवघरात. पण हे सेल्युलॉइड म्हातारं झालं की कुजतं, त्यातून आम्लाच्या वाफा निघतात आणि त्या पात्याला खातात. मूठ वरून सुंदर कासवाच्या पाठीसारखी दिसत असते आणि मिटवलेलं पातं आतून नेमकं मुठीच्या रेषेत गंजलेलं. अशी एक मूठ डब्यात असेल तर शेजारच्यांना पण त्रास, म्हणून तिला वेगळं ठेवायचं. शिंगाच्या मुठी बऱ्या, पण त्यांना किडे लागतात.

आणि पुण्याचा पाऊस. सिंहगड रोडला आमच्या घरात जुलै-ऑगस्टमध्ये चपलांना बुरशी येते तिथे कार्बन स्टीलचं काय. तिकडचे लोक जपानी कॅमेलियाचं तेल लावा म्हणतात. मी शिलाई मशीनचं तेल लावतो. खोबरेल लावून बघा म्हणणाऱ्यांनी डिसेंबरात बाटलीकडे बघावं.

हे सगळं बरेच दिवस माझं एकट्याचं चाललेलं होतं. मग नानांकडे एक झोलिंगेनचा वस्तरा घेऊन गेलो. नानांचं दुकान नारायण पेठेत आहे, दोन खुर्च्यांचं, मुलगा आता मेन, नाना सकाळी दोन तास येतात आणि जुनी गिऱ्हाइकं करतात. तिथे अर्थातच बदलत्या पात्याचा वस्तरा, ब्लेड मधोमध मोडून अर्धं त्याच्यात, गिऱ्हाईक झालं की फेकायचं. नव्वदच्या दशकात एड्सची भीती पसरली तेव्हा सगळीकडे हेच झालं आणि ते योग्यच होतं. नानांनी माझा वस्तरा उघडला, नखाने टिचकी मारून कानाजवळ धरला, आणि मग काही न बोलता डाव्या हाताच्या तळव्यावर खालवर फिरवायला लागले, चामड्याचा पट्टा वगैरे काही नाही, तळवाच पट्टा. मुलगा ओरडला, अहो नाना कापेल. नाना म्हणाले, कापायला धार लागते रे, याला कुठंय.

मी विचारलं, तुमच्या वडिलांचा वस्तरा असेल ना कुठे?

"संपला."

"हरवला?"

"हरवला नाही हो साहेब, संपला. घासून घासून एवढी काडी राहिली." त्यांनी करंगळी दाखवली. "मग मामांनी तो मोडून, दगडावर सरळ करून त्याची नराणी केली. नखं काढायला. ती पण वापरली. आईने शेवटी शेवटी गोधड्या उसवायला घेतली होती."

म्हणजे नानांच्या वडिलांची मावळातली बलुत्याची घरं, वर्षाला धान्य ठरलेलं, खांद्याला धोकटी, धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, चिमटा, निसण्याचा तुकडा, पितळेची वाटी आणि एक आरसा. एक वस्तरा आख्ख्या गावाला. एका शेफील्डच्या साहेबाकडे एका हनुवटीसाठी सात.

माझं संग्रहाचं गणित तिथे फिरलं. ऑक्शनमध्ये मला जे दिसत होतं ते त्या काळातले वस्तरे नव्हतेच, त्या काळात जे वापरले गेले नाहीत ते वस्तरे होते. लग्नात मिळालेले, महाग म्हणून ठेवून दिलेले, डाव्या ड्रॉवरमध्ये विसरलेले, १९०३ मध्ये जिलेटने एक्कावन्न सेफ्टी रेझर विकले आणि पुढच्याच वर्षी नव्वद हजारांच्या घरात, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना ते सरकारी खर्चाने मिळाले, त्यानंतर घराघरात अर्ध्या आयुष्यात रिटायर झालेले. चांगला वस्तरा, रोज हातात असलेला, मालकाला आवडणारा, तो बहुतेक संपून गेला. मी एवढी वर्षं स्टीलची गुणवत्ता तपासतोय म्हणत नापसंत मालाचा ढीग तपासत होतो की काय अशी शंका यायला लागली. आमच्याकडे पण असंच असतं म्हणा, रिजेक्शनच्या पेटीत पार्ट वर्षानुवर्षं पडून राहतो, चांगला पार्ट गाडीत बसून कधीच गेलेला असतो.

बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात जायला लागलो ते यानंतर. मंगळवार पेठेत तो सगळा पसारा, नळाच्या तोट्या, मिक्सरच्या मोटरी, घड्याळांची पोटं, पितळी दिवे, आणि वस्तरा मागितला की लोक स्टेनलेसचा नवा दाखवतात. जुना आहे का म्हटलं तर म्हणतात, तो कोण ठेवतो साहेब. बाजीराव रोडवरच्या केळकर संग्रहालयात मी लहानपणापासून जातोय, दिनकर केळकरांनी वाड्यावाड्यांतून गोळा केलेल्या वीस हजारांवर वस्तू, त्यातले अडकित्ते बघताना तास जातो. आता बघताना मी पात्याकडे बघतो, किती झिजलंय ते. घोड्याच्या, मोराच्या आकाराचा अडकित्ता जपला गेला, साहजिक आहे. ज्याने रोज शंभर सुपाऱ्या फोडल्या तो साधा लोखंडी कुठे गेला असेल ते सांगायला नको.

नानांशी बोलताना अजून एक निघालं, त्यांच्या समाजाच्या कार्यक्रमात दरवर्षी सांगतात ते. १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी न्हावी मंडळींना एकत्र आणलं, आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्या मंडळींनी जाहीर केलं. मागे अर्थातच जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाज, फुल्यांचा वाडा नानांच्या दुकानापासून काही फार लांब नाही. शाळेत हे दोन ओळींत वाचलं होतं. पण ज्यांचं पोट त्या कामावर, ज्यांना नाही म्हटलं तर गावाने बलुतं बंद करायचं, त्यांनी वस्तरा खाली ठेवायचा हे वाचताना लक्षात आलं नव्हतं. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये तो टॅरिफ कायदा झाला. माझ्याकडे एक शेफील्डचा आहे, देशाचं नाव नसलेला, म्हणजे १८९१ च्या आधीचा असावा. तो कुठे होता त्या वर्षी, अमेरिकेतच असणार, पण मुंबईत असावा असं वाटतं हे खरं.

तर आता मी कोरे वस्तरे विकायला काढलेत, हळूहळू. चांगले पैसे येतात. सात दिवसांचा सेट ठेवलाय, फक्त त्या रविवारसाठी, आणि आई अधूनमधून विचारते म्हणून. घेतो ते ढिगातले, "फॉर पार्ट्स ऑर रिपेअर" वाले लॉट, ज्यात पाच-दहा वस्तरे एकत्र फेकलेले असतात आणि फोटो काढणाऱ्याने नीट उजेड पण लावलेला नसतो. त्यात सात अष्टमांशचा चारवर आलेला एखादा मिळतो, पाठ सपाट, धार सरळ, म्हणजे मालक शेवटपर्यंत नीट घासत होता. असे दोन नानांना दिले. एकाला त्यांनी धार लावली आणि माझीच दाढी केली, मुलगा शेजारी उभा राहून व्हिडिओ काढत होता. दुसरा बघून म्हणाले याचं पोट अजून बरंच आहे, वापरा.

सध्या एक लॉट बघतोय. नऊ वस्तरे, गंजलेले, दोघांच्या मुठी तुटलेल्या, विक्रेता कुणाच्या तरी गॅरेजमधलं सामान काढतोय असं दिसतं. सहाव्या फोटोत डावीकडून तिसरा नीट झूम करून बघा, शेफील्डच्या वेड अँड बुचर कंपनीचा आहे, इतका बारीक झालाय की शिक्क्याचा खालचा भाग पाठीबरोबरच झिजलाय. सोमवारी पहाटे साडेचारला संपतोय. बघा जरूर, बोली मात्र लावू नका, आत्ताच सांगून ठेवतो.